गावाच्या आराखड्यात आधी काय: ताली, चर की शेततळी? आणि लोकवाटा कुणी भरायचा?

माणदेशी_मुरूम

नमस्कार मंडळी. गाव सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यातलं. नाव सांगत नाही, ओळखणारे ओळखतील. मी पुण्यात नोकरीला, भाऊ गावी. दोघांत साडेसहा एकर, त्यातली दीड विहिरीखाली, बाकी ज्वारी-मटकी.

एका संस्थेने मृद-जलसंधारणाच्या कामांसाठी गावाला पैसे द्यायचं कबूल केलंय. ९० टक्के त्यांचे, १० टक्के गावाचे. कोणती कामं करायची ते गावाने ठरवायचं. शिवारफेरी झाली, दोन दिवस सगळे हिंडलो, आणि तिसऱ्या दिवशी भांडणं सुरू. खालच्या आळीला ओढ्यावर सिमेंटचा बंधारा हवा, कारण विहिरी त्यांच्या तिथे. तरण्या पोरांना डाळिंबासाठी शेततळी हवीत. आणि वरच्या वस्तीवरचा माझा चुलता एकच धरून बसलाय: आधी फुटलेल्या ताली बांधा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ताल म्हणजे उताराला आडवा घातलेला मोठा मातीचा बांध. आमच्या पणजोबांच्या काळातल्या आहेत. चुलत्याच्या रानात तीन, त्यातल्या दोन परतीच्या पावसात सांडीपाशी (जादा पाणी बाहेर जायची वाट) फुटल्या. तिथून माती अशी गेलीय की पेरायला पाभर धरली की तिचा फण मुरमावर करकरतो.

दुसरा घोळ लोकवाट्याचा, म्हणजे गावाच्या त्या १० टक्क्यांचा. घरटी घ्यायचा, एकरी घ्यायचा, की ज्याच्या रानात काम होईल त्याने द्यायचा? श्रमदान धरायचं का? ग्रामसभा पंधरा दिवसांवर आहे. तुमच्याकडे काय झालं ते सांगा. उपदेश चालेल, पण अनुभव आधी.

कोपरखळी

ज्या विहिरीवर पुढाऱ्याची मोटार, तिथे बंधारा. हे प्राधान्य आधीच ठरलेलं असतंय. शिवारफेरी पाय मोकळे करायला.

नाला_नंबर_चार

पाणलोटाच्या कामात वीस वर्षं घालवली, म्हणून थोडं लांबण लावतो.

तुमचा चुलता बरोबर आहे, पण अर्धाच. नियम साधा आहे: माथा ते पायथा. डोंगरावरून येणारं पाणी वरच अडलं नाही तर ताल पुन्हा फुटणार, तिथेच, सांडीपाशीच. आधी माथ्यावर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एका पातळीत खणलेले, मग उतारावर बांध आणि ताली, शेवटी ओढ्यातली कामं. उलट्या क्रमाने गेलात तर बंधाऱ्यात पाणी कमी आणि गाळ जास्त. तीन पावसाळ्यांत बंधारा गाळाने भरतो आणि त्यावर पोरं क्रिकेट खेळतात. हे मी पाहिलंय, चौकारासकट.

चराचा हिशेब सांगतो. ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल चर धरला तर एका मीटरला १८० लिटर पाणी थांबतं. शंभर मीटरला १८ हजार, आणि तेही एका भरण्यात. पावसाळ्यात तो कितीदा तरी भरतो आणि मुरतो. तरी चर कुणाला नको असतो. चराजवळ फीत कापता येत नाही, आणि चढून जायला दम लागतो.

बंधारा नकोच असं नाही. पण तो शेवटी.

खारपाण

वा भाऊ, शेततळ्याले सगळे मिळून झोडून राह्यले! अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात येऊन पाहा. आमच्या विहिरीचं पाणी खारं. हरभऱ्याले दिलं तर जमीन पांढरी पडते. आमच्याकडे पावसाचं गोड पाणी साठवणं हाच एक उपाय, आणि जमीन चिकणी असल्यानं बिनप्लास्टिकच्या तळ्यातही पाणी टिकते. संरक्षित ओलीत (पावसानं ताण दिला की द्यायचं पाणी) एकदा जरी भेटलं तरी हरभरा उभा राह्यते. माथा ते पायथा म्हणाल, तर आमच्याकडे माथाच नाही, सगळा सपाट पायथा! म्हणून म्हणतो, प्राधान्य ज्याच्या-त्याच्या मातीनं ठरवावं.

नाला_नंबर_चार

@खारपाण, शंभर टक्के मान्य. मी माणबद्दल बोलत होतो.

हिशेबनीस

माणसारख्या ठिकाणच्या शेततळ्याचा हिशेब मांडतो, मग पोरांनी ठरवावं. ३० बाय ३० बाय ३ मीटरचं तळं, बाजूचा उतार एकास एक धरला तर २,१९६ घनमीटर बसतं, म्हणजे जवळपास २२ लाख लिटर. ऐकायला छान. उन्हाळ्यात दिवसाला ८ मिलिमीटर बाष्पीभवन धरा. वरचं क्षेत्र ९०० चौरस मीटर, म्हणजे रोज ७,२०० लिटर हवेत. दहा हजारी टँकरचा पाऊण भाग, रोज. आता खरी गंमत. यातली किती तळी पावसाने भरतात? आमच्या भागात बहुतेक विहिरीतून आणि बोअरमधून भरतात. जमिनीखाली झाकलेलं पाणी वर काढायचं, प्लास्टिकवर उन्हात पसरायचं, आणि त्याला जलसंधारण म्हणायचं.

२०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ आलं तेव्हा अनुदानाची मर्यादा ५० हजार होती. आकड्याला विरोध नाही. पण ज्याच्याकडे वरचे पैसे आणि आधीच बोअर आहे, त्यालाच ते परवडलं.

डाळिंबवाला

हिशेबनीस साहेब, तुमचा हिशेब बरोबर, पण एप्रिलमध्ये बाग जळताना पाहिलीय का कधी? चार वर्षांची झाडं. टँकरला पैसे मोजलेत तेव्हा कुणी बाष्पीभवन शिकवायला आलं नव्हतं. कडवंचीला जाऊन या, जालना जिल्ह्यात. शेततळी आणि द्राक्षं, त्यावर गाव उभं राहिलं.

नाला_नंबर_चार

कडवंची जरूर पाहा, पण पूर्ण पाहा. तिथे नव्वदच्या दशकात आधी पाणलोटाची कामं झाली, बांधबंदिस्ती झाली. तळी आणि द्राक्षं त्याच्यावर बसली. आपण फोटो काढतो तो शेवटच्या पानाचा.

बांधकरीण

मी बोलू का थोडं? शेततळं चांगलं की वाईट हे बाजूला ठेवा. ते मिळतं कुणाला ते सांगते.

मालक गेले त्याला सहा वर्षं झाली. जमीन अजून सासऱ्यांच्या नावावर, वारसनोंद अडकलेली. त्यामुळे पहिली दोन वर्षं अर्जच करता आला नाही. मग दिराच्या संमतीने एक एकर माझ्या नावावर झाली, अर्ज केला, पूर्वसंमती आली. आनंदाने पेढे वाटले. नंतर कळलं की आधी स्वतःच्या पैशाने खोदायचं, बिलं जोडायची, फोटो काढायचे, मोजणी व्हायची, आणि मग खात्यावर पैसे. जेसीबीवाला काय पूर्वसंमतीचा कागद बघून डिझेल टाकत नाही. पतसंस्थेतून कर्ज काढलं. खोदाई एप्रिलमध्ये झाली, पैसे पुढच्या जानेवारीत आले. नऊ महिन्यांचं व्याज माझं. शेजारच्या ज्या दोघींना कर्ज मिळालं नाही त्यांची पूर्वसंमती मुदत संपून रद्द झाली.

म्हणून मुरूमदादा, तुमचे १० टक्के ठीक आहेत, पण बाकीचे ९० कामाआधी येणार की नंतर, हे संस्थेला पहिल्यांदा विचारा. वाटा दहाचा असतो, पण काम होईपर्यंत शंभरचे शंभर बाईला काढावे लागतात.

माणदेशी_मुरूम

ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. उद्याच विचारतो.

वरकस

कोकणातून हजेरी. आमच्याकडे पाऊस इतका की अडवायचा कुठे हाच प्रश्न, आणि सातबाऱ्यावर सतरा नावं. त्यातले नऊ मुंबईला, दोन बडोद्याला, एक कुठे आहे ते देवाला माहीत. भातखाचराची मजगी (उतारावरची बांध घातलेली पायरी) दुरुस्त करायला सतरा जणांची संमती आणायची तोवर खाचर खाडीत जातं. लोकवाटा सोडा, लोकच वाटून गेलेत.

कोपरखळी

@वरकस, ‘लोकच वाटून गेलेत’ हे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवा.

मार्चएन्ड

कृषी खात्यात आहे, त्यामुळे नाव-गाव नाही. शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो.

आम्ही सिमेंट बंधारे आणि शेततळी घेऊन का येतो? कारण वरून लक्ष्यांक तसा येतो. तालुक्याला इतकी तळी, मार्चअखेर. गावाने आराखड्यात ताल दुरुस्ती लिहिली तर अनेकदा ती कुठल्या लेखाशीर्षात, म्हणजे खर्चाच्या कुठल्या सरकारी खात्यात, बसवायची तेच सापडत नाही, कारण बऱ्याच योजना नव्या कामाला पैसे देतात, दुरुस्तीला नाही. तुमच्याकडे संस्थेचा मोकळा पैसा आलाय तर तो नेमका तिथे वापरा जिथे सरकारी योजना पोचत नाही. शेततळी आणि ठिबक योजनेतून घ्या. ठिबकला केंद्राचे ५५ टक्के अल्प-अत्यल्प भूधारकाला, ४५ इतरांना, आणि राज्याचं पूरक अनुदान धरून ८० आणि ७५ पर्यंत जातं.

लोकवाट्याबद्दल. २००८ च्या पाणलोटाच्या सामाईक मार्गदर्शक सूचनांत हे चांगलं लिहिलेलं होतं: खासगी जमिनीवरच्या कामाला किमान १० टक्के, पण अनुसूचित जाती-जमाती आणि अल्प-अत्यल्प भूधारकांना ५ टक्के. आणि महत्त्वाचं म्हणजे हा पैसा कामात खर्च करायचा नाही. तो पाणलोट विकास निधीत ठेवायचा, पुढे देखभालीसाठी. गावाचा पैसा गावात. तुम्हीही तसं करा. नाहीतर पाच वर्षांनी ताल पुन्हा फुटेल आणि तुम्ही पुन्हा इथे धागा काढाल.

काळी_भुई

@मार्चएन्ड, कागदावर सुंदर आहे हो. आमच्याकडे (मराठवाडा, बस एवढंच) हा लोकवाटा कसा भरला गेला ते सांगते. मजुरांच्या हजेरीतून कापला! बांध शेतमालकाचा, घाम भूमिहीनाचा, आणि वाटाही त्याच्याच मजुरीतून. कागदावर ‘लोकसहभाग १० टक्के’. माझी आई त्या कामावर होती. आठवड्याच्या शेवटी पैसे हातात पडले की ती मोजायची आणि गप्प बसायची.

मुरूमदादा, श्रमदान धरायचं म्हणताय ना? मग जमिनीचा मालक स्वतः खोरं घेऊन येणार का, की गडी पाठवणार, हे आधी ठरवा.

नाला_नंबर_चार

काळी_भुई यांचा मुद्दा सर्वांत मोठा आहे आणि ग्रामसभेत नेमका तोच बोलला जात नाही. ज्याच्या शेताचा फायदा त्याचा वाटा, हे तत्त्व. भूमिहीनाकडून एक रुपया घेऊ नये, घ्यायचाच असेल तर त्याला पाण्यात हिस्सा द्यावा.

हे अशक्य नाही. पुरंदरमध्ये विलासराव साळुंखे यांनी ७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीत करून दाखवलं. पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या हिशेबाने: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला कमाल अडीच एकर. भूमिहीनालाही हक्क. ऊस बंद. आणि खर्चाचं म्हणाल तर २० टक्के लाभार्थ्यांनी, ३० टक्के बिनव्याजी कर्ज, ५० टक्के सरकारी अनुदान. बांधकरीण ताईंच्या पतसंस्थेच्या व्याजाचं उत्तर त्या ३० टक्क्यांत होतं.

डाळिंबवाला

ऊस बंद म्हटलं की आमच्या तालुक्यात सभाच बंद होईल.

प्लॅटकाठ

मी नेब्रास्कात असतो. मूळचा बार्शीकडचा, काम शेतीशी संबंधितच. वाचताना सारखं हसू येत होतं, कारण इथेही हेच चाललंय, फक्त टोप्या वेगळ्या.

इथे केंद्राची ‘इक्विप’ नावाची योजना आहे, १९९६ च्या शेतीविषयक कायद्यातून आलेली. कुरणाला कुंपण, गुरांसाठी पाण्याच्या टाक्या, आच्छादनपिकं अशा कामांचा खर्च सरकार वाटून घेतं. कायद्याने ७५ टक्क्यांपर्यंत, नवे आणि तुटपुंज्या साधनांचे शेतकरी असतील तर ९० पर्यंत. आपल्या भागात माती आधी की पाणी की कुरण, यावर स्थानिक कार्यगट सल्ला देतो. त्यात शेतकरी आणि राँचवाले असतात. मग अर्जांना गुण पडतात आणि वरच्या गुणांना पैसे. मी एका बैठकीला गेलो होतो, अकरा माणसं, त्यातली पाच पगारी. बाकीचे सहा जण जे म्हणाले ते भागाचं प्राधान्य झालं. त्यामुळे @कोपरखळी, शिवारफेरीला हसू नका, जो हजर राहतो त्याचंच चालतं.

पूर्वसंमतीचंही तेच. मंजुरीआधी काम सुरू केलं तर सहसा डॉलर मिळत नाही. पण बांधकरीण ताईंसाठी एक सांगतो: नवशिके, गरीब, वंचित गटातले शेतकरी असतील तर किमान निम्मी रक्कम कामाआधी उचल म्हणून मागता येते. २०१८ च्या कायद्यात तशी तरतूद आहे.

आणि नेब्रास्काची एक गोष्ट मला फार आवडते. इथे २३ नैसर्गिक संसाधन जिल्हे आहेत, हद्दी नदीखोऱ्यांवरून आखलेल्या. मंडळ निवडून येतं, स्वतःचा कर लावतं. १९७२ पासून चालू आहे.

कोपरखळी

७२ ला तिकडे मंडळं, इकडे दुष्काळी कामावर वाटलेली सुकडी.

हिशेबनीस

सुकडीवर बोलायचं नाही. आमच्या आजीने त्या सुकडीवर माझे वडील वाढवले. गावचा पाझर तलाव त्याच वर्षीचा, अजून उभा आहे. एका पाटीला किती पैसे मिळायचे ते आजीला शेवटपर्यंत पाठ होतं.

घोंगडी

@प्लॅटकाठ, तुमच्या त्या योजनेत गुरांवाल्यांसाठी काही राखून ठेवतात का?

प्लॅटकाठ

हो. इक्विपच्या पैशातला निम्मा पशुपालनाशी संबंधित कामांसाठी ठेवावा लागतो, त्यात चराईही आली.

घोंगडी

निम्मा! आमच्या वाट्याला चराईबंदी येते तेवढीच. आम्ही मेंढरांवाले. चर खणले, रोपं लावली, पाटी लागली, की पहिली काठी आमच्या पाठीत. नगरकडच्या आदर्श गावाचं, हिवरे बाजारचं नाव अजून कुणी कसं घेतलं नाही याचं नवल करत होतो, म्हणून मीच घेतो. पंचसूत्री सगळ्यांना पाठ आहे: नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी, श्रमदान. तिथे गवत वाढलं आणि लोक विळ्याने कापून नेऊ लागले, ते मान्य. ज्याची दोन गुरं दावणीला आहेत त्याला ते जमतं. दोनशे मेंढरांना भारा कापून घालणार कोण?

माझं म्हणणं एवढंच की डोंगराचे तीन तुकडे करा. एक तुकडा दोन पावसाळे बंद, बाकीचे दोन उघडे, मग फिरवा. आम्ही पाळू. आणि लोकवाटा आमच्याकडून पैशात मागू नका. तुमच्या रानात चार रात्री मेंढरांचा वाडा बसवतो, आमचा वाटा लेंडीत घ्या. त्या मुरमाड रानाला तेच औषध आहे.

बांधकरीण

हा या धाग्यातला सर्वांत चांगला प्रस्ताव आहे, आणि विनोद नाही.

काळी_भुई

+१. वास मात्र ग्रामसभेपर्यंत येईल.

गाळसम्राट

मध्येच तोंड घालतो. जुना पाझर तलाव किंवा बंधारा गाळाने भरलेला असेल तर नवा बांधण्याआधी गाळ काढा आणि तोच ताली फुटलेल्या मुरमाड रानात टाका. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ मध्ये लहान शेतकऱ्याला गाळ वाहून न्यायला घनमीटरला ३५.७५ रुपये मिळतात, एकरी १५ हजारांपर्यंत, अडीच एकरांच्या मर्यादेत. पण एक चूक करू नका, मी केली. ताल बांधायच्या आधी गाळ टाकला. जूनच्या पहिल्या वळवाने अर्धा गाळ जिथून आणला तिथे परत. ट्रॅक्टरवाला म्हणाला, मालक, पुढच्या वर्षी पुन्हा सांगा.

डाळिंबवाला

😂 पुढच्या वर्षी सांगितलं का?

गाळसम्राट

सांगितलं. ताल बांधून.

माणदेशी_मुरूम

वीस दिवसांनी येतोय, माफी. पहिल्या ग्रामसभेला कोरमच झाला नाही. तहकूब सभा आठवड्याने झाली, तिला कोरम लागत नाही, म्हणून तिला दुप्पट माणसं आली.

संस्थेला पैशाचं विचारलं. ताई, तुमचा अंदाज खरा होता: त्यांचे ९० टक्के पैसे काम झाल्यावरच येणार होते. बरीच घासाघीस झाली. शेवटी चाळीस टक्के उचल द्यायला तयार झाले, बाकी दोन टप्प्यांत.

क्रम असा ठरला: डोंगरावरचे चर आणि फुटलेल्या सात ताली आधी. ओढ्यावर नवा बंधारा नाही, जुन्यातला गाळ काढायचा, आणि तो ताली झाल्यावरच रानात पडणार (गाळसम्राट, तुमची गोष्ट सभेत सांगितली, नाव न घेता). शेततळी योजनेतून, ज्याची त्याने. पोरं नाराज आहेत. खालची आळी तर सभा अर्ध्यावर सोडून गेली, त्यातल्या दोघांनी अजून सही केलेली नाही.

वाटा एकरी. अडीच एकरांच्या आतल्याला निम्मा, आणि त्याला हवं तर श्रमदानात. ज्याची जमीन त्याने किंवा त्याच्या घरच्याने यायचं, गडी पाठवला तर धरायचा नाही. भूमिहीन घरांकडून काही नाही. पैसा वेगळ्या खात्यात, दोन सह्यांपैकी एक बचत गटाच्या अध्यक्षबाईंची. डोंगराच्या तीन तुकड्यांवर एकमत झालं नाही, ते पुढच्या सभेत. घोंगडीदादा, लेंडीचा मुद्दा मांडला तर मात्र चौघांनी लगेच वाडा कधी बसवता म्हणून विचारलं.

गेल्या रविवारी पहिल्या तालीला हात लावला. चुलत्याने यंत्र नको म्हटलं. पारदर्शक नळीत पाणी भरून एक टोक माझ्या हातात, एक स्वतःच्या, आणि दोन्हीकडची पातळी जुळेस्तोवर मला सरकवत राहिला. पुण्यात बारा वर्षं इंजिनिअर आहे मी. तीनदा म्हणाला, नळी वाकवू नको.

सांड पूर्वी जिथे होती तिथे न ठेवता आठ फूट बाजूला घेतली, कठीण मुरूम लागला तिथे.

नाला_नंबर_चार

सांडीला पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, केलं का? खालच्या बाजूलाही?

माणदेशी_मुरूम

वरून केलं. खालून दगड कमी पडला. जुन्या वाड्याचा पाया उकरून आणायचाय, भावकीतल्या सहा जणांची परवानगी पाहिजे.

वरकस

सहाच? नशीबवान आहात.